आपला खेळाडू डोपिंगमध्ये सापडतो तेव्हा : पाओलो गेरेरो, पेरू आणि एक कप चहा

५ ऑक्टोबर २०१७ रोजी बुएनोस आयर्सच्या ला बोंबोनेरा मैदानावर अर्जेंटिना आणि पेरू यांच्यातला विश्वचषक पात्रता सामना ०-० असा सुटला. मेस्सीच्या संघाला त्याच्या घरात रोखून मिळवलेला तो एक गुण पेरूसाठी लाखमोलाचा होता. सामन्यानंतर नेहमीप्रमाणे काही खेळाडूंना लघवीचा नमुना द्यायला बोलावलं गेलं. त्यात पेरूचा कर्णधार पाओलो गेरेरो होता. नमुना दिला, बाटल्यांना सील लागलं आणि गडी पुढच्या सामन्याच्या तयारीला लागला.

पाच दिवसांनी लिमात कोलंबियाविरुद्ध पेरू एका गोलने मागे होता. गेरेरोने फ्री किक थेट गोलाकडे मारली. खरं तर ती अप्रत्यक्ष फ्री किक होती. दुसऱ्या कुणाचा स्पर्श झाल्याशिवाय तसा गोल धरत नाहीत. कोलंबियाच्या गोलरक्षकाने, ओस्पिनाने, चेंडू सोडून दिला असता तर काहीच बिघडलं नसतं. पण त्याने झेप घेतली, हात लागला, चेंडू जाळ्यात गेला आणि गोल वैध ठरला. त्या बरोबरीमुळे पेरू प्ले-ऑफला पोचला. १९८२ नंतर या देशाने विश्वचषक फक्त टीव्हीवर पाहिला होता, तेव्हा लिमात त्या रात्री काय झालं असेल ते सांगायला नको.

आणि मग ३ नोव्हेंबरला बातमी आली. बुएनोस आयर्सच्या नमुन्यात बेन्झॉयलेक्गोनिन सापडलं. कोकेन शरीरात गेल्यावर त्याचं विघटन होऊन जे उरतं, ते हे रसायन. गेरेरोवर तात्पुरती बंदी आली.

डोपिंगच्या बातमीवर चाहते कसे वागतात हे समजून घ्यायचं तर मला या प्रकरणाइतकं चांगलं उदाहरण दिसत नाही. यात सगळं आहे : लाडका कर्णधार, बदनाम पदार्थ, पटण्याजोगा खुलासा, तीनदा बदललेली शिक्षा, पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या ममी, राष्ट्राध्यक्ष, आणि प्रतिस्पर्धी कर्णधारांनी लिहिलेलं पत्र. पण पेरूचे लोक का चिडले, आणि त्यांचं कुठे बरोबर नि कुठे चूक, हे कळायला आधी नियम नीट कळायला हवा. तिथेच बहुतेकांची गाडी अडते.

चाहता विचारतो, "याने फसवलं का?" नियम हा प्रश्न सुरुवातीला विचारतच नाही. नियम विचारतो, "याच्या शरीरात बंदी असलेला पदार्थ होता का?" होता, तर उल्लंघन झालं. कसा आला, कुणी दिला, ठाऊक होतं की नव्हतं, याचा त्या पहिल्या टप्प्याशी संबंध नाही. मुंबईच्या लोकलमध्ये टीसीने गाठलं आणि पास घरी राहिला असेल तर आपण विनातिकीटच ठरतो, मग पास खरोखर काढलेला असो वा नसो. तसंच हे. कायद्याच्या भाषेत याला कठोर उत्तरदायित्व म्हणतात. स्वतःच्या शरीरात काय जातं याला खेळाडू स्वतः जबाबदार, बस.

हेतूचा विचार होतो तो दुसऱ्या टप्प्यात, शिक्षेची मुदत ठरवताना. मुद्दाम घेतलं असेल तर चार वर्षांपर्यंत. मुद्दाम नसेल तर दोन. निष्काळजीपणा किरकोळ असेल तर त्याहून कमी. आणि अजिबात दोष नसल्याचं सिद्ध झालं तर बंदी नाही. मात्र पदार्थ अंगात कसा शिरला हे खेळाडूनेच दाखवायचं असतं. नुसतं "मला माहीत नाही" म्हणून भागत नाही.

असा नियम का केला असेल? कारण उलट बाजूने गेलं तर एकही खेळाडू सापडणार नाही. हेतू माणसाच्या डोक्यात असतो आणि प्रयोगशाळेत येते ती बाटली. संस्थेने प्रत्येक वेळी हेतू सिद्ध करायचा ठरवला तर प्रत्येक जण सांगेल की कुणीतरी पाण्यात मिसळलं. नियम निष्ठुर आहे, पण मूर्खपणाचा नाही.

त्याचा निष्ठुरपणा बघायचा तर आंद्रे ओनानाचं प्रकरण बघा. नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबचा हा गोलरक्षक २०२० च्या ऑक्टोबरात फ्युरोसेमाइड या औषधाच्या चाचणीत सापडला. त्याचं म्हणणं, डोकं दुखत होतं म्हणून गोळी घेतली, ती चुकून बायकोच्या औषधाची निघाली. फसवण्याचा हेतू नव्हता हे युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, मान्य केलं आणि तरी १२ महिने घरी बसवलं. अपिलात त्याचे ९ झाले. आयाक्सच्या चाहत्याला हे ऐकून "मग शिक्षा कसली?" असं वाटणारच. पण नियमाने दोन्ही गोष्टी एकदम म्हटल्या आहेत : तू फसवलं नाहीस, आणि तू दोषी आहेस. रोजच्या बोलण्यात ही दोन वाक्यं एका तोंडातून येत नाहीत. डोपिंगवरची निम्मी भांडणं इथेच होतात.

आता गेरेरोचा खुलासा. आपण कोकेन कधीच घेतलं नाही, सामन्याआधी लिमात संघ एका हॉटेलात उतरला होता तिथे घेतलेल्या चहातून हे आलं असावं, असं त्याचं म्हणणं होतं. आपल्याकडे ऐकणाऱ्याला हे फार बालिश वाटेल. पेरूत तसं वाटत नाही. कोका ही तिथली हजारो वर्षांची वनस्पती आहे. उंच डोंगराळ भागात विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून लोक पानं चघळतात. त्या पानांच्या चहाला 'माते दे कोका' म्हणतात, तो कायदेशीर आहे, दुकानात पुड्या मिळतात आणि कुस्कोच्या हॉटेलात पाहुण्यांना तो सहज पुढे केला जातो. कोकेन याच पानातून काढतात, पण पानात त्याचं प्रमाण अगदी अल्प असतं. चहा पिऊन नशा चढत नाही. मात्र लघवीत बेन्झॉयलेक्गोनिन उतरतं, आणि ते पानातून आलं की पावडरीतून, हे त्या रसायनाकडे पाहून सांगता येत नाही.

बचाव पक्षाने यावर काढलेला पुरावा भन्नाट होता. १९९९ साली अर्जेंटिनातल्या युयायाको या ज्वालामुखीच्या शिखराजवळ, साडेसहा हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर, इंका काळातल्या तीन मुलांचे बर्फात टिकून राहिलेले देह सापडले होते. देवाला बळी दिलेली ही मुलं, सुमारे ५०० वर्षांपूर्वीची. त्यांच्या केसांतही बेन्झॉयलेक्गोनिन होतं. त्या काळात शुद्ध कोकेन अस्तित्वातच नव्हतं, ते १९व्या शतकात वेगळं काढलं गेलं. तेव्हा हे रसायन सापडलं म्हणजे माणसाने कोकेन ओढलंच असं होत नाही, हा त्यांचा मुद्दा. फुटबॉलच्या शिस्तपालन समितीपुढे ममींची साक्ष निघाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी ऐकण्यात नाही.

लिमात यानंतर रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत जो तो जीवरसायनाचा जाणकार झाला असणार. हा डोपिंगच्या बातमीचा सार्वत्रिक परिणाम आहे. काल ऑफसाइडवर भांडणारा माणूस आज नॅनोग्रॅमवर भांडतो. त्याला हसण्यात अर्थ नाही. आपलं माणूस अडकलं की आपण त्या विषयातलं वाचतोच, आणि आपल्या बाजूचं तेवढंच लक्षात ठेवतो.

तरी त्या वाचण्यातून एक खरोखर अडचणीचा प्रश्न पुढे येतो. गांजा-भांगेतलं टीएचसी हेसुद्धा स्पर्धेदरम्यान बंदीच्या यादीत आहे. पण त्याला मर्यादा आहे : लघवीत मिलिलिटरमागे १५० नॅनोग्रॅम. २०१३ पर्यंत ती १५ होती, मग दसपट वाढवली, कारण मागच्या आठवड्यात कुठेतरी ओढलेल्या माणसाला पकडणं हा उद्देश नव्हता. मॉर्फिनचंही तेच. आपण अनारशांवर खसखस लावतो, त्या खसखशीमुळेसुद्धा लघवीत मॉर्फिनचा अंश येऊ शकतो. म्हणून मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅमपर्यंत सूट आहे. कोकेनच्या अंशाला २०१७ मध्ये अशी सूट नव्हती. सापडलं म्हणजे सापडलं. लिमातल्या माणसाच्या जागी बसून पाहा : तुमच्या होळीला आणि दिवाळीला सवलत, आमच्या रोजच्या चहाला नाही. या तक्रारीत मला दम वाटतो.

आता शिक्षा. डिसेंबर २०१७ मध्ये फिफाच्या शिस्तपालन समितीने एक वर्षाची बंदी घातली. त्याच महिन्यात अपील समितीने ती सहा महिन्यांवर आणली. म्हणजे मेच्या सुरुवातीला मोकळा, आणि विश्वचषक जूनमध्ये! मधल्या काळात त्याच्याविना पेरूने न्यूझीलंडविरुद्धचा प्ले-ऑफ जिंकला होता. लिमातल्या परतीच्या सामन्यात फार्फानने पहिला गोल केला आणि गेरेरोची ९ नंबरची जर्सी हातात धरून आनंद साजरा केला. फार्फान आणि गेरेरो लहानपणापासूनचे दोस्त. दुसऱ्या दिवशी देशाला सुट्टी जाहीर झाली.

गेरेरो मेमध्ये परतला, ब्राझीलच्या फ्लामेंगोकडून खेळलाही. आणि १४ मेला लोझानच्या क्रीडा लवाद न्यायालयाने बंदी १४ महिन्यांची केली.

इथे बाहेरच्या वाचकाचा गोंधळ होतो. शिक्षा भोगून झालेल्या माणसाची शिक्षा वाढते कशी? तर असं की फिफाचा निकाल हा शेवटचा शब्द नसतो. जागतिक उत्तेजक-विरोधी संस्था, म्हणजे वाडा, हिला कुठल्याही खेळाच्या संघटनेच्या निकालाविरुद्ध लवादाकडे जाता येतं. ही तरतूद मुद्दाम ठेवलेली आहे, कारण संघटना आपल्या खेळातल्या मोठ्या नावांना सांभाळून घेतात हा जुना अनुभव आहे. वाडाचं म्हणणं होतं की सहा महिने नियमात बसतच नाहीत. गेरेरोने स्वतःही अपील केलं होतं, मला पूर्ण निर्दोष ठरवा म्हणून. लवादाने म्हटलं : त्याने हे जाणूनबुजून घेतलेलं नाही, खेळ उंचावण्यासाठीही नाही, पण थोडी काळजी घ्यायला हवी होती. आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे कोकेनच्या बाबतीत, दोष कितीही किरकोळ असला तरी, मूळ दोन वर्षांच्या निम्म्याखाली जाता येत नव्हतं. बारा महिने हा तळ. त्यात लवादाने दोन जोडले.

म्हणजे निकाल गेरेरोचं बरंचसं ऐकून घेणारा होता आणि तरीही शिक्षा दुपटीपेक्षा जास्त झाली. पेरूत जे झालं ते यातून झालं. लोक रस्त्यावर आले, लिमात त्याच्या समर्थनार्थ मोर्चे निघाले, जर्सीवर त्याचं नाव, हातात फलक. राष्ट्राध्यक्ष मार्तीन विझकार्रा यांनी जाहीर पाठिंबा दिला. ते गादीवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते. आधीचे राष्ट्राध्यक्ष भ्रष्टाचाराच्या आरोपांत पायउतार झाले होते, त्यामुळे सगळ्या देशाचं एकमत होईल असा विषय मिळणं राजकारण्यांच्याही सोयीचं होतं. सगळं प्रेम निरपेक्ष होतं असं समजू नये. गेरेरो झुरिकला जाऊन फिफाचे अध्यक्ष इन्फान्तिनो यांना भेटला. त्यांनी सहानुभूती दाखवली, पण लवादाचा निकाल बदलणं त्यांच्या हातात नव्हतं.

याच्या उलट बाजूलाही चाहते होतेच. पेरू आणि चिली पात्रता फेरीत समान गुणांवर संपले होते, गोलफरकाने पेरू पुढे गेला आणि चिली बाहेर पडला. त्याला आणखी एक झणझणीत पार्श्वभूमी होती. बोलिव्हियाने अपात्र खेळाडू खेळवल्याची तक्रार चिलीनेच केली होती. फिफाने बोलिव्हियाचे दोन सामने प्रतिस्पर्ध्यांना बहाल केले, त्यात चिलीला दोन गुण वाढीव मिळाले, पण पेरूला तीन. तक्रार केली नसती तर चिलीच पुढे गेला असता! अशा जखमेवर गेरेरोची बातमी आली, तेव्हा पेरूचे गुण कापले जाणार का, ही विचारणा होणं अगदी स्वाभाविक होतं.

उत्तर होतं, नाही. सांघिक खेळात एका खेळाडूचा नमुना सापडला तर शिक्षा त्याला होते. स्पर्धेच्या काळात एकाच संघाचे दोनपेक्षा जास्त खेळाडू दोषी ठरले तरच संघावर कारवाई होते. हा नियम दर काही वर्षांनी कुणीतरी नव्याने शोधून काढतं. २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या पापू गोमेझवर दोन वर्षांची बंदी आली, त्याचा नमुना २०२२ च्या विश्वचषकाच्या तोंडावरचा, सेव्हिया क्लबकडून खेळत असतानाचा. लगेच प्रश्न निघाला, मग अर्जेंटिनाचा विश्वचषक काढून घेणार का? नाही घेणार. गोमेझच्या नमुन्यात टर्ब्युटालिन होतं, आणि त्याचा खुलासा होता, मुलाचं खोकल्याचं औषध प्यायलो. हे नाव वाचून विरारच्या पृथ्वी शॉची आठवण येणं साहजिक आहे. २०१९ मध्ये त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी आली ती याच टर्ब्युटालिनमुळे, आणि कारणही खोकल्याच्या औषधाचंच होतं. शॉच्या वेळी आपल्यातल्या किती जणांनी खोकल्याचं औषध पटकन मान्य केलं, आणि गोमेझच्या वेळी किती जणांनी भुवया उंचावल्या, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

माझं म्हणणं इतकंच आहे. चाहत्याच्या हातात दोन प्रश्न असतात, हेतूचा आणि बाटलीचा. आपल्या खेळाडूच्या वेळी तो हेतूचा काढतो, परक्याच्या वेळी बाटलीचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणूनच त्याला आपण अप्रामाणिक वागतोय असं क्षणभरही वाटत नाही.

इटलीत ही अदलाबदल वर्षानुवर्षं चालली. १९९८ मध्ये रोमाचे प्रशिक्षक झ्देनेक झेमान जाहीरपणे म्हणाले की इटालियन फुटबॉलने औषधांच्या दुकानातून बाहेर पडायला हवं. त्यांच्या बोलण्याचा रोख तुरीनच्या युव्हेंटस क्लबवर आला. तुरीनचे सरकारी वकील राफाएले ग्वारिनिएल्लो यांनी तपास केला, क्लबकडे २८१ प्रकारची औषधं असल्याचं समोर आलं. त्यातली बहुतेक बंदी नसलेली, पण धडधाकट खेळाडूंना इतकी औषधं लागतात कशाला, हा सवाल होता. क्लबचे डॉक्टर रिकार्दो आग्रिकोला यांना २००४ मध्ये शिक्षा झाली, २००५ मध्ये अपिलात ते सुटले, २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रकरण मुदतबाह्य ठरलं. यातून काय निघालं? युव्हेंटसचा चाहता २००५ वर बोट ठेवतो, बाकीची इटली २००४ वर. झेमान हे तुरीनमध्ये नकोसे झाले आणि रोममध्ये सत्यवचनी ठरले. एकाही बाजूचा माणूस दुसरीकडे सरकल्याचं ऐकिवात नाही.

आपल्या उपखंडापर्यंत पोचलेलं प्रकरण मात्र मॅराडोनाचं. २५ जून १९९४, बॉस्टनजवळच्या फॉक्सबरो मैदानावर अर्जेंटिनाने नायजेरियाला २-१ ने हरवलं, आणि एक परिचारिका मॅराडोनाचा हात धरून त्याला चाचणीसाठी घेऊन गेली. तो हसत हसत गेला. नमुन्यात एफेड्रिनच्या जातीचे पाच पदार्थ निघाले. अर्जेंटिनाच्या संघटनेने त्याला स्पर्धेतून काढून घेतलं, पुढे १५ महिन्यांची बंदी आली. "त्यांनी माझे पाय कापले," असं तो म्हणाला. तीन वर्षांपूर्वी, १९९१ मध्ये, नापोलीकडून खेळताना कोकेनसाठी तेवढीच बंदी त्याने भोगली होती, म्हणजे पूर्वेतिहास काही स्वच्छ नव्हता. तरीही ढाक्यात हजारो लोक मॅराडोनाला खेळू द्या म्हणून रस्त्यावर उतरले. ज्या देशाचा संघ विश्वचषकाला कधी पोचलेला नाही तिथे. १९८६ मध्ये त्याचे गोल ज्यांनी टीव्हीवर पाहिले होते, त्यांच्या लेखी तो अर्जेंटिनाचा नव्हताच, तो त्यांचा होता. प्रयोगशाळेतल्या कुठल्याही बाटलीने त्यात फरक पडणार नव्हता. यातल्या अनेकांचा ठाम समज होता, आणि आजही आहे, की फिफाचे तेव्हाचे ब्राझिलियन अध्यक्ष हावेलांज यांनी काटा काढला. कटाची गोष्ट माणसाला सोयीची असते. तिच्यात खलनायक असतो. निष्काळजी प्रशिक्षकाने दिलेलं वजन घटवण्याचं औषध, यात रडायलाही कुणी सापडत नाही.

मात्र चाहत्यांचा संशय दरवेळी खुळा असतो असंही नाही. २०१६ मध्ये लिव्हरपूलचा मामादू साखो मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या सामन्यानंतरच्या चाचणीत हिजेनामाइन या पदार्थासाठी सापडला. वजन कमी करायला घेतलेल्या पूरक औषधात ते होतं. त्याला तात्पुरतं निलंबित केलं, त्यात त्याचा युरोपा लीगचा अंतिम सामना गेला, मायदेशात होणाऱ्या युरो २०१६ साठीच्या फ्रान्सच्या संघातली जागा गेली. मग युएफाच्या सुनावणीत निघालं की हा पदार्थ बंदीच्या यादीत बसतो हेच मुळात पक्कं नाही. प्रकरण रद्द झालं. २०२० मध्ये वाडाने साखोची माफी मागितली आणि नुकसानभरपाई दिली. तोपर्यंत तो लिव्हरपूल सोडून गेला होता. अशी एक गोष्ट घडली की पुढच्या दहा प्रकरणांत चाहते तिचा दाखला देतात, ती प्रकरणं अगदी वेगळी असली तरीही.

पेरूकडे परत येतो. मे २०१८ मध्ये ज्यांनी पत्र लिहिलं त्यांची नावं बघण्यासारखी आहेत : फ्रान्सचा ऊगो लोरिस, डेन्मार्कचा सिमोन केअर, ऑस्ट्रेलियाचा मिले येडिनाक. विश्वचषकात पेरूच्या गटातल्या तिन्ही संघांचे कर्णधार. गेरेरो नसता तर या तिघांचाच फायदा होता. खेळाडूंच्या जागतिक संघटनेमार्फत त्यांनी फिफाला कळवलं की याला खेळू द्या. चाहत्यांच्या दोन प्रश्नांच्या हिशेबात हे पत्र बसत नाही. परका खेळाडू, आणि तरी प्रश्न हेतूचा. मला वाटतं, रोज हॉटेलात राहणाऱ्या, दुसऱ्याने आणून दिलेलं खाणाऱ्या-पिणाऱ्या माणसाला तो कप डोळ्यांसमोर दिसतो. उद्या आपल्याही हातात येऊ शकतो हे त्याला माहीत असतं. प्रेक्षकाला ती भीती नसते.

३१ मेला स्विस संघीय न्यायालयाने बंदीला तात्पुरती स्थगिती दिली. लवाद स्वित्झर्लंडमध्ये असल्याने त्याच्यावर अपील तिथल्या न्यायालयात होतं. न्यायालयाने निर्दोष वगैरे काही म्हटलं नाही. वय ३४, पुन्हा विश्वचषक मिळण्याची शक्यता नाही, मुद्दाम केलेलं नाही हे लवादानेच मानलेलं, फिफा आणि वाडा यांचाही टोकाचा विरोध नाही, तर खेळू द्या आणि बाकी मग बघू, इतकंच. लिमात याचा अर्थ "आमचा पाओलो सुटला" असा घेतला गेला. कायद्याने तो चुकीचा होता, पण त्या आठवड्यात स्थगिती आणि सुटका यातला फरक समजावायला कोण धजावणार?

रशियात पेरूचे चाहते इतक्या संख्येने आणि इतक्या जोशात आले की त्या वर्षीचा फिफाचा सर्वोत्तम चाहत्यांचा पुरस्कार त्यांना मिळाला. संघ मात्र डेन्मार्ककडून ०-१, फ्रान्सकडून ०-१ असा हरून बाहेर पडला. शेवटचा सामना सोचीत ऑस्ट्रेलियाशी. पेरूने २-० जिंकला, १९७८ नंतरचा विश्वचषकातला पहिला विजय. दुसरा गोल गेरेरोचा. समोर येडिनाक होता, पत्रावर सही करणारा. त्या पराभवाने ऑस्ट्रेलियाही घरी गेला.

ऑगस्टमध्ये स्थगिती उठली. उरलेली बंदी गेरेरोने भोगली आणि एप्रिल २०१९ मध्ये ब्राझीलच्या इंटरनासियोनालकडून तो मैदानात परतला. त्याच वर्षी कोपा अमेरिकाच्या अंतिम फेरीत माराकाना मैदानावर ब्राझीलविरुद्ध त्याने पेनल्टीवर गोल केला.

आणि नियम? २०२१ पासून तो बदलला. कोकेन, गांजा यांसारखे पदार्थ आता 'व्यसनाचे पदार्थ' म्हणून वेगळे धरले जातात. स्पर्धेच्या काळाबाहेर घेतलं आणि खेळ उंचावण्याशी त्याचा संबंध नव्हता, हे खेळाडूने दाखवलं तर शिक्षा तीन महिने, उपचार कार्यक्रम पूर्ण केला तर एकच. बदल काही एकट्या गेरेरोमुळे झाला नाही. जगभर अशी प्रकरणं साचली होती. पण हा नियम तेव्हा असता आणि त्याचा चहाचा खुलासा त्यात बसला असता, तर ३ नोव्हेंबरला सुरू झालेली बंदी फेब्रुवारीतच संपली असती, विश्वचषकाच्या चार महिने आधी. तो निर्दोष आहे हे पेरूच्या चाहत्यांचं म्हणणं कुठल्याच न्यायालयाने मानलं नाही. शिक्षा फार झाली, हे मात्र नियम करणाऱ्यांनी तीन वर्षांनी कागदावर आणलं.